बीएलएस आणि एसीएलएसची परीक्षा: प्रसंग रचून तयारी कशी करावी

हृदय थांबलेल्या माणसाला वाचवायला शिकवणाऱ्या बीएलएस (बेसिक लाइफ सपोर्ट) किंवा एसीएलएस (ॲडव्हान्स्ड कार्डिओव्हॅस्क्युलर लाइफ सपोर्ट) या कोर्सना पहिल्यांदा बसणाऱ्यांचा बहुतेक वेळ तक्ते पाठ करण्यात जातो. हृदयाच्या कोणत्या रिदमला (लयीला) कोणतं औषध, किती मिलिग्रॅम, किती मिनिटांनी. लेखी पेपरापुरतं ते चालूनही जातं. पण मॅनिकिनजवळ (सरावाच्या पुतळ्याजवळ) उभं राहिल्यावर इन्स्ट्रक्टर म्हणतात, "पेशंट बोलता बोलता गप्प झाला. आता काय कराल?" आणि सगळं पाठ असलेला माणूस नुसता मॉनिटरकडे बघत राहतो. उत्तर त्याला माहीत असतं. ते तोंडानं आणि हातानं द्यायची सवय झालेली नसते.

मी वॉर्डात काम करणारी परिचारिका आहे. हे कोर्स मी स्वतः केले, मुदत संपेल तसे पुन्हा दिले, आणि नव्या सहकाऱ्यांची तयारीही करून घेते. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय: तयारीचा मोठा वाटा प्रसंग घोळवण्यात गेला पाहिजे. तेही मोठ्यानं बोलून, घड्याळ लावून आणि दुसऱ्या माणसासमोर. खाली दिलेले आकडे अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या अभ्यासक्रमाचे आहेत. तुमचं केंद्र दुसऱ्या संस्थेचा अभ्यासक्रम शिकवत असेल तर त्यांचं मॅन्युअल प्रमाण माना. सरावाची पद्धत मात्र तीच राहते.

## १. आधी नेमकी कोणती परीक्षा ते बघा

बीएलएस म्हणजे पाया: माणूस बेशुद्ध सापडला तर ओळखणं, मदत बोलावणं, छाती दाबणं, श्वास देणं, एईडी (आपोआप रिदम तपासून शॉक देणारं यंत्र) लावणं. एसीएलएसमध्ये त्यावर मॉनिटर, रिदम, औषधं, पेसिंग (बाहेरून विजेनं हृदयाचे ठोके चालवणं) आणि टीम चालवणं येतं. पीएएलएस हे मुलांसाठीचं. एसीएलएस आणि पीएएलएस या दोन्ही कोर्समध्ये बीएलएसची कौशल्यं पुन्हा तपासली जातात, म्हणून "ते येतं मला" म्हणून पायाकडे दुर्लक्ष करू नका.

परीक्षेचे दोन भाग असतात. लेखी पेपरात बीएलएसला २५ आणि एसीएलएसला ५० प्रश्न, दोन्हीकडे उत्तीर्ण व्हायला ८४ टक्के लागतात. प्रात्यक्षिकात बीएलएसला प्रौढाचा आणि अर्भकाचा सीपीआर (छाती दाबणं आणि श्वास देणं). एसीएलएसला प्रौढाचा सीपीआर आणि मेगाकोड. मेगाकोड म्हणजे एकच पेशंट, पण त्याची अवस्था तुमच्या डोळ्यांदेखत बदलत जाते आणि तुम्ही टीम लीडर असता. लोक घाबरतात ते यालाच, आणि प्रसंगांच्या सरावाचा सगळ्यात जास्त फायदाही इथेच होतो.

## २. लागणारे कागद आणि साधनं

केंद्रात नेण्यासाठी:

- ओळखपत्र, आणि त्यावर जसं आहे तसंच नाव नोंदणीत
- एसीएलएसच्या आधीच्या ऑनलाइन चाचणीत उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र, छापून. या चाचणीला ७० टक्के लागतात आणि ती पुन्हा पुन्हा देता येते
- नूतनीकरण असेल तर जुनं कार्ड. ते दोन वर्षं चालतं. तारीख उलटून गेली असेल तर छोटा कोर्स मिळेल का, हे केंद्राला आधीच विचारा
- चालू आवृत्तीचं मॅन्युअल
- गुडघे टेकता येतील असे कपडे

सरावासाठी:

- मॅनिकिन. केंद्रात किंवा रुग्णालयाच्या प्रशिक्षण कक्षात विचारलं तर तासभर वापरायला मिळतं. तेही नसेल तर जमिनीवर ठेवलेली घट्ट उशी. तिच्यावर वेग आणि हातांची जागा बसते, खोलीचा अंदाज येत नाही
- मिनिटाला ११० ठोके देणारं मेट्रोनोमचं ॲप
- सेकंद दाखवणारं घड्याळ
- रिदमच्या पट्ट्या छापलेल्या कागदांचा गठ्ठा
- प्रसंग लिहायला कोरी कार्डं
- एक सहकारी, तो वैद्यकीय क्षेत्रातला नसला तरी चालेल

दोन गोष्टी कधीही करू नका. जिवंत माणसाच्या छातीवर कम्प्रेशनचा (छाती दाबण्याचा) सराव करू नका, आणि वॉर्डातला खरा डिफिब्रिलेटर (शॉक देणारं यंत्र) सरावासाठी कुणाच्याही अंगाला लावू नका.

## ३. पहिल्यांदा हात बसवा

कम्प्रेशनचा वेग मिनिटाला १०० ते १२०. प्रौढाची छाती किमान ५ सेंटिमीटर दबली पाहिजे आणि ६ च्या पुढे जाऊ नये. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. ३० दाब, २ श्वास. प्रत्येक श्वास एका सेकंदाचा, छाती उचललेली दिसेल इतकाच. दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलायचा, आणि कोणत्याही कारणानं थांबलात तर १० सेकंदांच्या आत पुन्हा सुरू.

हे आकडे कुणीही सांगतं. चुकतात त्या बारीक गोष्टी. थकवा आला की माणूस छातीवर रेलून राहतो; छाती पूर्ण वर येत नाही, त्यामुळे हृदयात रक्त परत भरत नाही आणि पुढचा दाब जवळजवळ वाया जातो. घाबरला की वेग १३०-१४० वर जातो आणि खोली कमी होते. बॅग-मास्कनं (तोंडावर मास्क धरून हवेची पिशवी पिळून) श्वास देणारा जोरात आणि भराभर पिळतो. त्यानं छातीतला दाब वाढून हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं आणि पोटात हवाही जाते. यासाठी मेट्रोनोम लावून सलग दोन मिनिटं दाबा आणि कुणाला तरी बाजूनं बघायला सांगा. दोन मिनिटं किती लांब असतात, ते केल्याशिवाय कळत नाही.

मग लगेच छोटे प्रसंग घ्या. बीएलएसचे माझे आवडते चार:

घुरघुरणारा माणूस. जिन्याखाली पडलेला, हाका मारल्या तरी प्रतिसाद नाही, अधूनमधून तोंड उघडून आचका देतोय. नवखा माणूस म्हणतो, "श्वास चालू आहे." तो श्वास नव्हे. हृदय थांबल्यावर पहिल्या काही मिनिटांत असे आचके येतात. नाडी तपासा, १० सेकंदांत नक्की लागली नाही तर कम्प्रेशन सुरू.

नाडी आहे, श्वास नाही. अफूवर्गीय औषध जास्त झालेला तरुण. इथे छाती दाबायची नाही. दर ६ सेकंदांनी एक श्वास, दर दोन मिनिटांनी नाडी, आणि नॅलॉक्सोन हा उतारा मागवा. बरेच जण सवयीनं कम्प्रेशनवर जातात.

ओला पेशंट. पाण्यातून काढलेला. एईडी आली. आधी साचलेल्या पाण्यापासून दूर न्या, छाती पटकन पुसा, मग पॅड. छातीवर औषधाची पट्टी चिकटवलेली असेल तर काढून जागा पुसा. कातडीखाली पेसमेकरचा उंचवटा दिसला तर पॅड त्याच्यावर ठेवायचा नाही, बाजूला ठेवायचा.

गरोदर स्त्री. पोट नाभीच्या वर आलेलं. कम्प्रेशन नेहमीच्याच जागी, पण दुसऱ्या माणसानं हातांनी गर्भाशय डावीकडे सरकवून धरायचं, म्हणजे मोठ्या रक्तवाहिन्यांवरचा दाब हटतो. शॉक द्यायला बंदी नाही.

हे चारही प्रसंग डोळे मिटूनसुद्धा बोलता येईपर्यंत एसीएलएसच्या औषधांकडे वळू नका.

## ४. रिदम पट्टीवर ओळखा, निर्णय पेशंटवर घ्या

पट्ट्यांचा गठ्ठा पिसून एकेक उचला आणि पाच सेकंदांत नाव सांगा: व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन (व्ही-फिब; हृदयाचे खालचे कप्पे नुसते थरथरतात), व्हेंट्रिक्युलर टॅकीकार्डिया (खालच्या कप्प्यांतून येणारे जलद ठोके), असिस्टोल (सरळ रेष), एसव्हीटी (खालच्या कप्प्यांच्या वरून येणारे जलद ठोके), एट्रियल फिब्रिलेशन (वरचे कप्पे थरथरतात), दुसऱ्या आणि तिसऱ्या डिग्रीचे ब्लॉक (वरून खाली जाणारा विजेचा संदेश अडणं). नाव आलं की लगेच सहकाऱ्याला विचारा, "नाडी आहे का?" हा प्रश्न जिभेवर बसायलाच हवा. कारण पट्टीवर अगदी सुरेख सायनस रिदम असेल आणि नाडी नसेल तर ती पीईए (पल्सलेस इलेक्ट्रिकल ॲक्टिव्हिटी) आहे. रुंद कॉम्प्लेक्सची वेगवान टॅकीकार्डिया असेल आणि पेशंट तुमच्याशी बोलत असेल तर ती कार्डिॲक अरेस्ट नाही.

सरळ रेष दिसली तर आधी लीड्स निघाल्यात का, मॉनिटरचा गेन कमी आहे का, ते बघा. असिस्टोलला शॉक नसतो. परीक्षेत घाईनं "शॉक" म्हणून जाणारे इथेच अडकतात.

## ५. प्रसंगाचं कार्ड कसं लिहायचं

तयार प्रश्नसंच वाचण्यापेक्षा स्वतः प्रसंग लिहिल्यानं जास्त शिकायला मिळतं. लिहिताना तुम्हाला ठरवावं लागतं की हा पेशंट या औषधानं का सुधारला नाही, आणि ते ठरवताना तक्त्यामागचं कारण आपोआप समजतं.

कार्डाच्या वरच्या बाजूला एकच ओळ, पेशंट समोर आल्यावर दिसेल तेवढीच. "६४ वर्षांच्या बाई, तासाभरापासून छातीत धडधड, अंग ओलं." नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, साखर हे सगळं कार्डाच्या मागे, आणि ते फक्त विचारल्यावर सांगायचं. हा नियम पाळा. आकडे आयते मिळायला लागले की विचारायची सवय जाते, आणि परीक्षेत इन्स्ट्रक्टर आपणहून फार काही सांगत नाहीत.

त्याखाली वळणं लिहा. योग्य उपचार केला तर काय होईल, चुकीचा केला तर काय होईल, काहीच न करता एक मिनिट गेलं तर काय होईल. तिसरं वळण लिहायला लोक विसरतात, आणि खरं शिक्षण त्यातच आहे. ब्रॅडीकार्डियाच्या (ठोके मंदावलेल्या) पेशंटचा लीडर निर्णय घेत नसेल, तर कार्ड चालवणाऱ्यानं शांतपणे म्हणायचं, "रक्तदाब आता ६०."

तळाशी लपलेलं कारण: आजारामागचं मूळ, जे शोधल्याशिवाय पेशंट परत येणार नाही.

एका कार्डात एकच कारण आणि जास्तीत जास्त चार वळणं. पोटॅशियम वाढलेलं, फुप्फुसात हवा अडकलेली आणि वर विषबाधा, असा पेशंट रचण्यात हुशारी दिसेल, पण सराव करणारा गोंधळेल.

एसीएलएससाठी ही कार्डं तरी हवीतच: ब्रॅडीकार्डिया ते व्ही-फिब, स्थिर एसव्हीटी, अस्थिर टॅकीकार्डिया, रक्तस्रावातली पीईए, डायलिसिस चुकलेला पेशंट, आणि ताप असलेला सायनस टॅकीकार्डिया. शेवटचं मुद्दाम ठेवा. नाडी १३५, ताप, अंग कोरडं पडलेलं. हृदयाचा वेग दीडशेच्या खाली असेल तर लक्षणं बहुधा वेगामुळे नसून त्यामागच्या आजारामुळे असतात. अशा पेशंटला एडिनोसिन किंवा शॉक देऊन काही साधत नाही. त्याला पाणी आणि तापाच्या कारणावर उपचार लागतात. "काहीतरी जोरदार करायला हवं" हा आवेग आवरायला शिकवणारं हे कार्ड आहे.

## ६. एक पूर्ण मेगाकोड, बोलून दाखवलेला

आता एक कार्ड सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवू. तुम्ही लीडर, सहकारी कार्ड हातात धरून.

"५८ वर्षांचे गृहस्थ, चक्कर येतेय, बोलणं असंबद्ध."

तुम्ही लगेच मॉनिटर, ऑक्सिजन गरजेप्रमाणे, शिरेची वाट आणि बारा लीडचा ईसीजी मागता, आणि रक्तदाब विचारता. उत्तर येतं: नाडी ३८, रक्तदाब ७८ वर ५०, तिसऱ्या डिग्रीचा ब्लॉक. इथे मोठ्यानं म्हणा, "लक्षणं असलेला, अस्थिर ब्रॅडीकार्डिया." निदान उच्चारल्यानं टीमही सोबत येते आणि तुमचं मनही पुढच्या पायरीवर जातं.

"एट्रोपिन १ मिलिग्रॅम शिरेतून. त्याच वेळी पेसिंगचे पॅड लावा." एट्रोपिन दर ३ ते ५ मिनिटांनी देता येतं, एकूण ३ मिलिग्रॅमपर्यंत. पण तिसऱ्या डिग्रीच्या ब्लॉकमध्ये त्याचा उपयोग होईलच याची खात्री नसते, म्हणून पेसिंग त्यासाठी थांबवायचं नाही. पेसिंग सुरू केल्यावर पडद्यावर प्रत्येक ठोक्यामागे रुंद कॉम्प्लेक्स दिसला तरी थांबू नका. जांघेतली नाडी तपासा. मानेची नाडी इथे फसवते, कारण स्नायूंचे झटके हाताला नाडीसारखे लागतात.

कार्डवाला म्हणतो, "पेशंट आता प्रतिसाद देत नाही." पडद्यावर व्ही-फिब.

"नाडी बघा. नाही? कम्प्रेशन सुरू. डिफिब्रिलेटर चार्ज करा, चार्ज होईपर्यंत दाबणं चालू ठेवा." मग "सगळे दूर, ऑक्सिजन बाजूला," नजर डोक्यापासून पायापर्यंत फिरवून, आणि शॉक. बायफेजिक यंत्राला उत्पादकानं सांगितलेली ऊर्जा, साधारण १२० ते २०० ज्यूल. माहीत नसेल तर यंत्राची कमाल.

शॉकनंतर नवख्यांचा हात थांबतो आणि सगळे पडद्याकडे बघतात. हे टाळा. शॉक बसताक्षणी पुन्हा कम्प्रेशन, दोन मिनिटं. रिदम चांगला आला असला तरी सुरुवातीला हृदयाचा पंप नीट चालत नाही. त्या वेळी रक्त पोचवायचं काम तुमचे हात करत असतात.

दोन मिनिटांनी रिदम. अजून व्ही-फिब. दुसरा शॉक, कम्प्रेशन, आणि आता एपिनेफ्रिन १ मिलिग्रॅम. ते पुढे दर ३ ते ५ मिनिटांनी. पुढच्या तपासणीलाही व्ही-फिब. तिसरा शॉक, आणि एमिओडॅरोन ३०० मिलिग्रॅम. दुसऱ्यांदा द्यावं लागलं तर १५०. औषध दिलं की २० मिलिलिटर सलाइन ढकला आणि हात वर उचला. नोंद ठेवणाऱ्याला प्रत्येक वेळी वेळ मोठ्यानं सांगायला लावा, म्हणजे पुढचं एपिनेफ्रिन कधी हे तुम्हाला डोक्यात धरून ठेवावं लागत नाही.

पुढच्या तपासणीत पडद्यावर नीट कॉम्प्लेक्स दिसतात, वेग ७०. नाडी? नाही. म्हणजे पीईए. शॉक नाही, एमिओडॅरोनही नाही. कम्प्रेशन, वेळेवर एपिनेफ्रिन, आणि कारणाचा शोध.

कार्डवाला मध्येच सांगतो, "एंड-टायडल कार्बन डायऑक्साइड (सोडलेल्या श्वासाच्या शेवटी मोजलेला) १४ वरून ४२ वर गेला." अचानक वाढून टिकलेला हा आकडा रक्ताभिसरण परत आल्याची खूण आहे. नाडी लागते. इथे पुष्कळ जण सुटकेचा श्वास टाकून थांबतात आणि उरलेले गुण गमावतात. प्रसंग अजून चालूच आहे. श्वासनलिका सुरक्षित करा, मिनिटाला १० श्वास, सिस्टोलिक दाब किमान ९० आणि मीन आर्टेरियल प्रेशर (धमन्यांतला सरासरी दाब) किमान ६५ राहील असं बघा, बारा लीडचा ईसीजी लगेच, त्यातली एसटी रेषा वर गेलेली असेल तर कॅथ लॅबला (हृदयाच्या धमन्या उघडतात त्या विभागाला) कळवा. पेशंट सांगितलेलं ऐकत नसेल, डोळे उघडत नसेल, तर शरीराचं तापमान नियंत्रित ठेवायचा निर्णय घ्या.

हा एक प्रसंग पुन्हा पुन्हा करा आणि प्रत्येक वेळी सहकाऱ्याला एक वळण बदलायला सांगा.

## ७. लीडरनं बोलायचं कसं

नाव घेऊन काम सांगा. हवेत "कुणीतरी एपिनेफ्रिन द्या" म्हटलं की ते कुणीच देत नाही, किंवा दोघं देतात. ज्याला सांगितलं त्यानं आदेश परत म्हणायचा, आणि काम झाल्यावर "एपिनेफ्रिन १ मिलिग्रॅम दिलं" असं कळवायचं. मॅन्युअलमध्ये याला क्लोज्ड-लूप कम्युनिकेशन म्हणतात आणि परीक्षेत ते स्वतंत्रपणे बघितलं जातं.

कामं वाटतानाही बोला: कम्प्रेशन, श्वासनलिका, मॉनिटर आणि डिफिब्रिलेटर, औषधं, नोंद. लीडरनं स्वतः छाती दाबायला खाली बसू नये. सगळा पेशंट दिसेल अशा जागी उभं राहावं. कुणी चुकीचा डोस उच्चारला तर शांतपणे, लगेच दुरुस्त करा. सरावात सहकाऱ्याला मुद्दाम चूक करायला सांगा, उदाहरणार्थ "एमिओडॅरोन १ मिलिग्रॅम देतोय" म्हणायला. तुमच्या कानाला ते खटकतं का बघा.

वयानं किंवा हुद्द्यानं मोठ्या माणसाला आदेश द्यायला जड जातं, विशेषतः आम्हा परिचारिकांना. त्याचाही सराव लागतो. "डॉक्टर, कम्प्रेशन थोडे हळू होताहेत, आपण बदलून घ्या" हे वाक्य आदरानं आणि ठामपणे म्हणता येतं. दहा वेळा म्हणून बघा, जीभ अडत नाही.

सरावाचं ध्वनिमुद्रण करा. ऐकताना एकच बघा: शांतता कुठे पडली? जिथे पाच सेकंदांहून जास्त गप्प झालात, तिथलं पान मॅन्युअलमध्ये पुन्हा वाचा.

## ८. कारणं शोधायचा सराव

पीईए आणि असिस्टोलमध्ये कारण शोधणं हाच उपचाराचा गाभा आहे. यादी सगळ्यांना येते: रक्त किंवा पाणी कमी होणं, ऑक्सिजनची कमतरता, आम्लता, पोटॅशियमची गडबड, शरीर गार पडणं, टेन्शन न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाभोवती हवा दाबून अडकणं), हृदयाभोवती द्रव साचणं, विष, फुप्फुसातली रक्ताची गाठ, हृदयाच्या धमनीतली रक्ताची गाठ. परीक्षेत यादी घडाघडा म्हटली तर इन्स्ट्रक्टर विचारतात, "बरं, यातलं कोणतं?"

म्हणून प्रत्येक कारणाला एक खूण आणि एक कृती जोडून ठेवा. डायलिसिस चुकलं, ईसीजीत टोकदार टी: पोटॅशियम, कॅल्शियम द्या. एका बाजूला हवा जात नाही, मानेच्या शिरा फुगल्यात: सुईनं हवा काढा. लांबच्या प्रवासानंतर एक पाय सुजलेला, मग अचानक धाप: फुप्फुसातली गाठ. अशी जोडी कार्डाच्या मागे लिहा आणि फक्त खूण वाचून कृती सांगायचा खेळ करा.

## ९. टॅकीकार्डियातले सापळे

इथे थोडक्यात सांगते, कारण सापळे मोजकेच आहेत. पेशंट अस्थिर असेल तर सिंक्रोनाइज्ड कार्डिओव्हर्जन, म्हणजे हृदयाच्या ठोक्याशी जुळवून (सिंक करून) दिलेला शॉक. सिंकचं बटण दाबून पडद्यावर प्रत्येक आर वेव्हवर (ठोक्याच्या उंच टोकावर) खूण आली का बघा, आणि दुसरा शॉक देताना सिंक पुन्हा दाबा, कारण बरीच यंत्रं पहिल्या शॉकनंतर साध्या अवस्थेत परत जातात. शुद्धीवर असलेल्याला शक्य असेल तर आधी गुंगीचं औषध. नाडीच नसेल तर सिंक नाही, सरळ शॉक. स्थिर एसव्हीटीला आधी व्हेगल प्रयोग (जोरानं कुंथायला सांगणं वगैरे), मग एडिनोसिन ६ मिलिग्रॅम, नंतर १२. ते काही सेकंदांतच निष्प्रभ होतं, म्हणून कोपराजवळच्या शिरेतून झटक्यात आणि मागोमाग सलाइन.

## १०. मुलांचे प्रसंग

पीएएलएस देणाऱ्यांनी डोक्यातून एक गोष्ट काढून टाकावी: मूल म्हणजे छोटा प्रौढ. मुलांचं हृदय बहुधा श्वास आणि ऑक्सिजन कमी पडल्यानं थांबतं, त्यामुळे प्रसंग अरेस्टपासून सुरू न करता धापेपासून सुरू करा. दारातूनच बघा: मूल कसं दिसतंय, श्वासाला किती कष्ट, त्वचेचा रंग कसा. वजन विचारल्याशिवाय औषध उच्चारायचं नाही. एपिनेफ्रिन किलोला ०.०१ मिलिग्रॅम, शॉक आधी किलोला २ ज्यूल, मग ४.

नाडी ६० च्या खाली, श्वास नीट दिल्यावरही अंग फिकट आणि गार, तर नाडी असतानाही छाती दाबायची. दोघं असाल तर १५ दाब, २ श्वास. एकटे असाल आणि मूल कोसळताना कुणी पाहिलं नसेल तर आधी दोन मिनिटं सीपीआर, मग मदत आणायला धावा. हा क्रम प्रौढांपेक्षा वेगळा असल्यानं पेपरात हमखास विचारतात.

## ११. जुन्या प्रश्नसंचांपासून सावध

मार्गदर्शक तत्त्वं बदलत राहतात; २०२० मध्ये मोठी उजळणी झाली आणि २०२५ मध्ये पुन्हा. हातोहात फिरणाऱ्या छायाप्रतींवर आवृत्तीचं वर्ष नसतं. ओळखायला काही खुणा सांगते. ब्रॅडीकार्डियाला एट्रोपिन ०.५ मिलिग्रॅम लिहिलं असेल तर तो कागद २०२० च्या आधीचा. नाडी असलेल्या मुलाला दर ३ ते ५ सेकंदांनी श्वास असेल तरी तसंच. आता तो दर २ ते ३ सेकंदांनी आहे. घशात काही अडकलेल्या प्रौढाला फक्त पोटावर दाब देण्याचं उत्तर असेल तर २०२५ नंतर पाठीवर ५ थापा आणि पोटावर ५ दाब आलटून पालटून असं शिकवतात. जुने प्रसंग टाकून द्यायची गरज नाही, आकडे नव्या मॅन्युअलशी ताडून दुरुस्त करा. हीसुद्धा चांगली उजळणी होते.

लेखी पेपराला बऱ्याच ठिकाणी मॅन्युअल उघडायची मुभा असते. तिच्यावर फार विसंबू नका; ५० प्रश्नांत प्रत्येक उत्तर शोधत बसलात तर लक्ष विखुरतं. तक्त्यांच्या पानांना रंगीत पट्ट्या लावून ठेवा आणि शंका असेल तिथेच उघडा. प्रश्नातला पहिला शोध नेहमी तोच: नाडी आहे का, पेशंट स्थिर आहे का?

## १२. परीक्षेच्या दिवशी

रात्रपाळी करून थेट परीक्षेला जाऊ नका. शक्य असेल तर पाळी बदलून घ्या. पोचल्यावर तिथला डिफिब्रिलेटर हाताळून बघा. चार्ज, सिंक, पेसर ही बटणं प्रत्येक यंत्रावर वेगळ्या जागी असतात, आणि विचारायला कुणी हरकत घेत नाही.

तुमची पाळी आल्यावर मनातलं सगळं बोला. इन्स्ट्रक्टरच्या हातात तपासणी यादी असते. तुम्ही "जागा सुरक्षित आहे" असं मनात म्हटलंत तर त्या चौकोनात खूण पडत नाही. अडलात तर टीमला विचारा, "आत्तापर्यंत काय झालं ते सांगतो, काही सुटलंय का?" हा चांगल्या लीडरचा गुण मानतात, आणि तेवढ्यात पुढची पायरी आठवतेही. दुसऱ्याची पाळी चालू असताना तुम्ही टीममध्ये असाल तेव्हा त्याला खुणा करू नका, पण दिलेलं काम मनापासून करा. पुढच्या फेरीत तो तुमचे कम्प्रेशन करणार असतो.

एखादा टप्पा जमला नाही तर इन्स्ट्रक्टर तिथेच समजावून पुन्हा चाचणी घेतात. कोणती पायरी चुकली ते नेमक्या शब्दांत विचारून लिहून घ्या आणि लगेच एकदा बोलून दाखवा.

कार्ड मिळाल्यावर नाव आणि मुदत तपासा, आणि प्रसंगांचा गठ्ठा कपाटात टाकू नका. कार्ड दोन वर्षं चालतं, पण सराव नसेल तर हातातलं कौशल्य काही महिन्यांतच उतरायला लागतं. वॉर्डात पाळी बदलताना पाच मिनिटं काढून एक कार्ड उचला, जो नवा आलाय त्याला लीडर करा आणि तुम्ही छाती दाबायला बसा.